क्लबसाठी निधी जमवायला पुढचा इव्हेंट कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की क्लबमध्ये पंचवीस-तीस मेंबर आहेत, दरवर्षी गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम घेऊन पैसे जमवता, यंदा हॉल, साउंड, कलाकारांचं मानधन सगळं जाऊन हातात फारसं काही उरलं नाही, निम्मी तिकिटं शेवटी मेंबरांनीच घरच्यांसाठी म्हणून घेतली, आणि आता येत्या वर्षी तुम्ही अध्यक्ष होणार आहात तर गाण्यांऐवजी मॅरेथॉन घ्यावी, मेळा भरवावा की लकी ड्रॉ काढावा.

मी आमच्या क्लबचा बरीच वर्षं खजिनदार होतो, नंतर प्रोजेक्ट बघायला लागलो, त्यामुळे माझं उत्तर थोडं हिशोबी वाटेल. मला तुमचा प्रॉब्लेम इव्हेंटचा वाटतच नाही. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय पण पैसा नेमका कशासाठी हवाय हे त्यात कुठेच आलेलं नाही, "समाजकार्यासाठी" एवढा एकच शब्द आहे. तिकीट विकायला जाणाऱ्या मेंबरकडेही तेवढंच सांगण्यासारखं असणार. मग समोरचा तिकीट घेतो ते मेंबरची भीड म्हणून, आणि भिडेचा पैसा एकदा मिळतो, फार तर दोनदा, तिसऱ्या वर्षी तो माणूस तुमचा फोन उचलत नाही. तुमच्याकडे तिकिटं मेंबरांवर येऊन पडायला लागली ती यामुळेच असावीत. हे असंच ठेवून गाण्यांच्या जागी मॅरेथॉन आणली तर दोन वर्षांनी तुमच्या नंतरचा अध्यक्ष हाच प्रश्न विचारत असेल.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत ते आधीच सांगतो. क्लबची स्वतःची नोंदणी आहे की तुम्ही एखाद्या ट्रस्टमार्फत देणगी घेता, देणगीदाराला करसवलत मिळते का, कंपन्यांचा निधी घेता येतो का, हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर ठरतं आणि ते तुमच्या सीएला विचारूनच करा. लकी ड्रॉ तर बऱ्याच ठिकाणी लॉटरीच्या कायद्यात बसतो, परवानगीशिवाय कुपनं छापायला टाकू नका, "सगळेच करतात" हे कारण नंतर कोणी ऐकत नाही. बाकी जे लिहितोय ते साधारण कुठल्याही क्लबला लागू व्हावं.

आधी इव्हेंटचं गणित, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. मीटिंगमध्ये आपण सांगतो "एवढे जमले", आणि टाळ्या त्या आकड्यावर पडतात. मला फक्त शंभर जमले तर कामावर किती गेले हे बघायचं असतं. हॉल, साउंड, लाईट, मानधन, परवानग्या हा खर्च तुम्ही एक तिकीट विका नाहीतर हॉल भरा, तेवढाच राहतो. म्हणून आम्ही एक नियम लावून घेतला, हा सगळा फिक्स्ड खर्च स्पॉन्सरकडून लेखी येईपर्यंत तिकीट छापायचं नाही. त्यासाठी आधीच एक तारीख ठरवायची, हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडणार नाही अशा बेताने, आणि त्या तारखेला स्पॉन्सर पूर्ण झाले नसतील तर कार्यक्रम छोटा करायचा किंवा सरळ रद्द करायचा. हे ऐकायला कठोर वाटतं पण मग विकलेलं जवळजवळ प्रत्येक तिकीट कामाला जातं आणि ते विकणाऱ्याला छातीठोक सांगता येतं.

स्पॉन्सरचंही एक आहे, तो देणगीदार नसतो, त्याला त्याचं नाव दिसायला हवं असतं आणि त्यात वाईट काही नाही. पण तो पैसा त्याच्या जाहिरातीच्या बजेटमधून येतो आणि बजेट वर्षाच्या सुरुवातीला ठरतं, तुम्ही कार्यक्रमाच्या एक महिना आधी गेलात तर उरलंसुरलं मिळतं. आणि दुसरा खर्च जो कोणी लिहितच नाही तो मेंबरांच्या वेळेचा. दोन महिने संध्याकाळ-संध्याकाळ पळून जे उरलं ते तेवढ्याच वेळात तुम्ही लोकांना नुसतं जाऊन भेटला असता तर मिळालं नसतं का, एवढं एकदा प्रामाणिकपणे बसून बघा. मॅरेथॉनला रस्त्याची परवानगी, अँब्युलन्स, पाणी, विमा, टायमिंगच्या चिप, इतकी तयारी लागते की पहिल्या वर्षी खर्च भरून निघाला तरी मी त्याला यश म्हणेन. ज्या क्लबात आधीच धावणारे मेंबर आहेत त्यांनी जरूर घ्यावी, इतरांनी नको.

आता कामाकडे. माझं म्हणणं आहे की आधी एक काम ठरवा, त्याचा पूर्ण खर्च काढा, मग मागायला बाहेर पडा. पूर्ण खर्च यावर जोर आहे कारण आपण वस्तूची किंमत काढतो आणि कामाची विसरतो.

शाळेला वॉटर प्युरिफायर दिल्याचं तुम्ही लिहिलंय म्हणून तेच उदाहरण घेतो. मशीन बसतं, नळ सुरू होतो, पाटी लागते, फोटो निघतो. पुढच्या वर्षी फिल्टर भरलेला असतो, बदलायचा पैसा शाळेकडे नसतो किंवा असला तरी कोणी सही करायची ते ठरलेलं नसतं, आणि मशीन बंद पडून पाटी तेवढी राहते. अशा कामाचा खर्च म्हणजे मशीन अधिक पुढच्या तीन वर्षांचे फिल्टर अधिक सर्व्हिसचा करार, आणि शाळेबरोबर एका कागदावर लेखी की चौथ्या वर्षापासून कोण बघणार, बिघाड झाला तर कुणी कुणाला फोन करायचा. एवढं धरलं की दहा मशीनच्या पैशात पाच किंवा सहाच होतात, मेंबर नाराज होतात, होऊ द्या. आणि त्याही आधी शाळेला विचारा की पाण्याचाच प्रश्न आहे का. कधीकधी पाणी चांगलंच असतं आणि मुलींच्या टॉयलेटला कडी नसते, म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. रोटरीच्या मोठ्या ग्लोबल ग्रँटला (मोठ्या कामांसाठी रोटरी फाउंडेशन देतं तो निधी) अर्ज करताना गरजेची पाहणी आधी करावी लागते, ती अट मला एकेकाळी उगाच कागदं वाढवणारी वाटायची, आता आम्ही आमच्या छोट्या कामालाही लावतो.

डोळ्यांच्या शिबिरांचंही तसंच. लायन्सचं आणि डोळ्यांचं नातं जुनं, १९२५ साली अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंटला लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं आणि तेव्हापासून ते काम चालू आहे. पण आपल्याकडे अहवालात येतं "इतक्या लोकांची तपासणी". तपासणी हा सगळ्यात सोपा भाग आहे. मोतीबिंदू निघालेल्यांपैकी किती जण ऑपरेशनपर्यंत पोचले, ऑपरेशन झालेल्यांपैकी किती जण महिन्याभराने परत दाखवायला आले, नंतर नंबर काढून चष्मा किती जणांना मिळाला, हे आकडे ठेवा. मधले लोक कुठे गळतात ते पाहिलं की कळतं, न्यायला गाडी नाही, सोबत यायला कोणी नाही, दिवसाची मजुरी बुडते, किंवा नुसती भीती. ऑपरेशन बऱ्याचदा हॉस्पिटल सवलतीत करून देतं, क्लबचा पैसा खरा लागतो तो गाडी, सोबतीचा माणूस, थेंबांची औषधं आणि पुढच्या तपासणीला. हे कळल्यावर आम्ही शिबिरं कमी केली आणि गाडीवर पैसे वाढवले.

रक्तदानाला तर पैसा जवळजवळ लागतच नाही, लागते ती तारीख. लाल पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट साधारण ५ दिवस. सगळे क्लब, मंडळं, पक्ष ठरावीक दिवशीच मोठी शिबिरं घेतात आणि मग सुट्टीच्या महिन्यात ब्लड बँक फोन करत बसते. आधी ब्लड बँकेला विचारा तुम्हाला कधी कमी पडतं, त्या तारखेला घ्या, आकडा छोटा आला तरी चालेल. एका दिवसाच्या विक्रमापेक्षा वर्षात चार वेळा मध्यम शिबिरं त्यांना जास्त उपयोगी पडतात, शिवाय एकाच माणसाला परत रक्त द्यायला साधारण तीन महिन्यांचं अंतर लागतं, काही ठिकाणी कमी-जास्त, म्हणजे वेळापत्रकही आपोआप बसतं.

वस्तूरूपाने येणाऱ्या देणग्यांना नाही म्हणायला शिका. जुनी औषधं गोळा करायची कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-देणगीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे की औषध ज्या देशात दिलं जाणार तिथे पोचल्यावर त्याची मुदत निदान एक वर्ष बाकी असावी, आणि एकदा रुग्णाला दिलेलं औषध परत घेऊन दान करू नये. घराघरातून जमवलेल्या अर्धवट पट्ट्या यात कुठेच बसत नाहीत. व्हीलचेअरचंही तसंच, माप न घेता दिलेली खुर्ची माणसाला जखमा करू शकते, घेताना बरोबर कोणीतरी फिजिओथेरपिस्ट असू द्या.

हे सगळं ठरलं की मागणं कसं सोपं होतं बघा. "आमच्या कार्यक्रमाला या" याऐवजी तुम्ही म्हणता, "एका पेशंटला घरून नेऊन, ऑपरेशन करून, महिन्याने परत दाखवून आणायला एवढा खर्च येतो, आम्हाला या वर्षी साठ जणांचा करायचाय, तुम्ही किती जणांचा उचलाल?" प्रश्न विचारून गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड, आपण घाईने "जमेल तेवढं द्या हो" म्हणून टाकतो आणि समोरचा सुटतो. प्रत्येक मेंबरने दहा नावं लिहायची, ज्यांना तो प्रत्यक्ष भेटू शकतो अशी, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करणं म्हणजे मागणं नव्हे. दहातले तीन-चार देतात असं धरून चाला. पैसे आले की दोन दिवसांत पावती आणि आभाराचा फोन, आणि काम झाल्यावर एक पान, त्यात जे जमलं नाही तेही. साठ ठरवले होते, अठ्ठेचाळीस झाले, बारा का राहिले, उरलेला पैसा कुठे आहे. मेंबर म्हणतात असं कशाला लिहायचं, पण आमच्याकडे हे पान वाचून पुढच्या वर्षी न मागता देणारे लोक आहेत.

मेंबरांपैकी किंवा बाहेरचा कोणी मोठा देणगीदार असेल तर त्याला सांगा की रक्कम सरळ देऊ नका, जेवढे लोक देतील तेवढी भर घालू असं जाहीर करा. यावर डीन कार्लन आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांचा २००७ साली आलेला अभ्यास आहे, त्यांनी अमेरिकेतल्या एका संस्थेच्या ५०,००० हून जास्त जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवून बघितलं. अशी भर जाहीर केल्यावर दर पत्रामागे मिळणारी रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. आणि गंमत म्हणजे एकास एक भर असो की तिप्पट, फरक जवळपास पडलाच नाही. म्हणजे एकास एक पुरे, मोठ्या देणगीदाराकडून त्याहून जास्त ताणायची गरज नाही.

आता हिशोब, हा माझा आवडता विषय म्हणून जरा लांबतो. लायन्स क्लबांना दोन वेगळे हिशोब ठेवावे लागतात, एक प्रशासनाचा, एक सेवाकार्याचा. लोकांकडून जमवलेला पैसा सेवाकार्यात आणि तो लोकांसाठीच जायचा, त्यातून फक्त त्या इव्हेंटचा थेट खर्च वजा होतो. क्लबच्या मीटिंग, जेवणं, पदग्रहण समारंभ, बॅनर, पिना हे सगळं मेंबरांच्या वर्गणीतून. तुमचा क्लब कुठल्याही संघटनेचा असो किंवा स्वतंत्र असो, हे करा आणि करताय हे लोकांना सांगा. "हे लोक आमच्या पैशावर जेवतात" ही कुजबुज थांबवायचा मला तरी दुसरा उपाय माहीत नाही.

रोख रकमेबाबत चार गोष्टी पाळा. दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची. पावती पुस्तकांवर छापील नंबर, रद्द पावती फाडून टाकायची नाही, पुस्तकातच ठेवायची. जमलेली रोख तशीच्या तशी बँकेत, त्यातून साउंडवाल्याला परस्पर द्यायचं नाही, मग भले तो दारात उभा असो. आणि क्यूआर कोड क्लबच्या खात्याचाच, कार्यक्रमाच्या गडबडीत कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर पैसे घेतले की तो माणूस कितीही सरळ असला तरी त्याच्यावर संशय येतो आणि त्याला तो पुसता येत नाही. मेंबरच्याच दुकानातून किंवा कंपनीतून खरेदी होणार असेल तर तीन कोटेशन घ्या आणि ठरवताना त्या मेंबरला खोलीबाहेर बसवा, चांगले मेंबर स्वतःच उठून जातात.

फोटोंबद्दल एवढंच सांगतो, मदत घेणाऱ्याचा चेहरा न दाखवता काम दाखवता येतं. लहान मुलांचे तर नकोच. पाच जण मिळून एकच पाकीट धरून उभे आहेत असा फोटो बघून आजवर कोणी मला चेक दिलेला नाही.

आता अध्यक्ष म्हणून तुमचा खरा अडथळा सांगतो, तो म्हणजे तुमच्याकडे एकच वर्ष आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, लायन्सचंही, आणि ३० जूनला अध्यक्षाबरोबर त्याचे प्रोजेक्टही रिटायर होतात, कारण नव्या अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी हवं असतं. रोटरीने पोलिओचं काम १९७९ साली फिलिपिन्समध्ये मुलांना डोस देण्यापासून सुरू केलं, १९८५ ला पोलिओप्लस ही जगभरची पोलिओविरोधी मोहीम जाहीर केली, १९८८ मध्ये जगभरात वर्षाला अंदाजे ३,५०,००० मुलं पोलिओने अधू होत होती, ती संख्या आता अगदी थोडी राहिली आहे, आणि या काळात अध्यक्ष दरवर्षी बदलत होते पण काम बदललं नाही. तुमच्या क्लबाने निदान तीन वर्षांचं एक काम ठरवावं आणि त्याची समिती अशी करावी की त्यात मावळता अध्यक्ष, चालू अध्यक्ष आणि पुढचा अध्यक्ष तिघंही असतील. पदग्रहणाच्या आधीच पुढच्या अध्यक्षाला बसवून घ्या, नंतर त्याची स्वतःची यादी तयार झालेली असते.

आणि थोडा पैसा बाजूला ठेवायला सुरुवात करा, देणगीदाराला आधी सांगून. रक्कम छोटी वाटली तरी हरकत नाही. आज जगभर ग्रँट देणारं रोटरी फाउंडेशन १९१७ मध्ये रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लंफ यांच्या कल्पनेतून निघालं, त्याला १९१८ साली पहिली देणगी आली ती कॅन्सस सिटीच्या क्लबकडून, २६ डॉलर ५० सेंट. गाडी बंद पडली, स्पॉन्सर फिरला, हॉस्पिटलने दर वाढवला तर हातातलं काम थांबू नये एवढी शिल्लक असली की अध्यक्षाला झोप लागते.

तर पहिल्या मीटिंगला इव्हेंटचा विषय अजेंड्यावर घेऊच नका. गेल्या तीन वर्षांचे इव्हेंट घ्या आणि प्रत्येकासमोर जमा, खर्च, कामावर गेले किती, एवढे तीनच आकडे लिहून फळ्यावर लावा, कोणाचं नाव न घेता. मग मागच्या वर्षी दिलेल्या मशीन बघायला दोन मेंबर शाळेत पाठवा, त्यांनी परत येऊन काय सांगितलं त्यावर दुसरी मीटिंग होईल, आणि कोणतं काम घ्यायचं ते बहुतेक त्यातूनच निघेल.

राहिला गाण्यांचा कार्यक्रम. तो बंद करायचा म्हटलं तर जुने मेंबर चिडणार आणि त्यांचं अगदीच चूक नाही, वर्षातून एकदा सगळे कुटुंबासकट एकत्र येतात ते त्याच दिवशी. बंद करू नका, वर्षाच्या शेवटी न्या, छोट्या हॉलमध्ये घ्या, तिकीट काढून टाका आणि ज्यांनी वर्षभर देणगी दिली, गाडी दिली, हॉस्पिटलमध्ये सोबत केली त्यांना बोलवा. गाणारेही मेंबरांमधलेच चालतील. मध्ये दहा मिनिटं काय झालं, काय राहिलं ते एक पान वाचून दाखवा. खर्च मात्र मेंबरांच्या वर्गणीतून, आणि तो किती येईल ते मेंबरांना जूनमध्येच सांगून ठेवा म्हणजे वर्गणी त्या हिशोबाने ठरवता येईल.